टॅपेटच्या आवाजावरून

आमच्या पिढीने इंजिन खांद्याच्या जोरावर सुरू केलं. विहिरीवरच्या किर्लोस्करला हँडल लावायचं, डिकंप्रेशनची लिव्हर उचलून धरायची, चाकाला गती आली की लिव्हर सोडायची. लिव्हर उचलली की वॉल्व्ह उघडा राहतो, हवा कोंडत नाही, चाक हलकं फिरतं. सोडली की वॉल्व्ह बसतो, हवा दाबली जाते आणि पहिला ठोका पडतो. वॉल्व्ह कधी उघडा हवा आणि कधी बंद, हे आम्हाला कुठल्याही पुस्तकाआधी मनगटाने शिकवलं. ते शिक्षण स्वस्त नव्हतं. हँडल वेळेवर निघालं नाही तर ते चाकाबरोबर गरगरायचं, आणि त्या फटक्याने हात मोडलेली माणसं तेव्हा गावोगाव भेटायची.

आता शेतातली मोटर घरात बसून मोबाइलवरून सुरू होते. रात्री लाइट आली की पांघरुणातून हात बाहेर काढायचा, बटण दाबायचं, पाणी सुरू. ज्याने पौषातल्या थंडीत विहिरीच्या काठावर हँडल मारलं आहे तो या सोयीला नावं ठेवणार नाही. मीही ठेवत नाही. पण इंजिनाचा श्वास हाताला जाणवलेली माणसं आता थोडी उरली आहेत, आणि त्यांच्याबरोबर आमच्या जतच्या गॅरेजांतली एक विद्या जात चालली आहे. जुन्या इंजिनाला जादा हवा द्यायची, त्या हवेला सोसेल असा कॅमशाफ्ट, म्हणजे वॉल्व्ह उचलणारा दांडा, आत आहे का ते पाहायचं, आणि दोघांची जोड जमवायची, ही ती विद्या.

जत म्हणजे सांगली जिल्ह्याचं पूर्वेचं टोक. सांगली लांब, विजापूर जवळ. बोलण्यात मराठी जितकी, तितकीच कानडी. इथे गाडी ही चैन कधीच नव्हती. उमदी, संख, माडग्याळ, डफळापूर या बाजूला जायचं तर एसटी दिवसातून मोजक्या वेळा, बाकी सगळा भरवसा वडापवर. वडाप म्हणजे खाजगी प्रवासी गाडी, बहुतेक वेळा महिंद्रा कमांडर. तिच्यात इगतपुरीच्या कारखान्यात तयार झालेलं, प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या परवान्याचं एक्सडीपी ४.९० हे डिझेल इंजिन असायचं. २११२ सीसी, ६२ अश्वशक्ती, टर्बोचं नाव नाही. त्या ६२ घोड्यांवर आत माणसं, मागे फळीवर माणसं, टपावर पोती आणि यल्लम्माची जत्रा असेल तर पायाशी शेरडू. गुड्डापूरच्या दानम्मादेवीला अमावास्येला निघालेली कमांडर चढाला लागली की ड्रायव्हर दुसरा गिअर टाकायचा आणि मग कुणी बोलायचं नाही. सगळ्यांचं लक्ष इंजिनाच्या आवाजाकडे. तो दम धरतो की सोडतो, एवढाच प्रश्न.

आज त्याच चढावर दीड लिटरचं डिझेल इंजिन शंभर अश्वशक्ती देतं आणि आतली माणसं फोनवर बोलत असतात. बोलेरो निओचं इंजिन १४९३ सीसीचं, म्हणजे आमच्या कमांडरपेक्षा सहाशे सीसीने लहान, आणि ताकद दीडपटीहून जास्त. चढ कधी आला नि कधी संपला, हे कळतही नाही. बाळंतिणीला घेऊन रात्री सांगली गाठायची असेल तर यापेक्षा मोठा आशीर्वाद नाही. जुन्या काळी वाटेत गरम होऊन उभी राहिलेली जीप आणि तिच्याभोवती हतबल उभे राहिलेले नातेवाईक ज्याने पाहिले असतील, त्याने ‘तेव्हाच्या गाड्या भारी’ असं म्हणायला धजू नये.

फरक सगळा हवेचा आहे. डिझेल कितीही ओतता येतं. ते जाळायला हवा कुठून आणायची, हा खरा प्रश्न. साधं इंजिन पिस्टन खाली जाताना जेवढी ओढली जाईल तेवढीच हवा घेतं. टर्बो काय करतो, तर सायलेन्सरकडे वाया जाणाऱ्या गरम धुरावर एक चक्र फिरवतो, त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबतो आणि इंजिनात कोंबतो. आल्फ्रेड ब्युखी या स्विस अभियंत्याने १९०५ मध्येच याचं पेटंट घेतलं होतं. आमच्या जीपच्या इंजिनाच्या घराण्यातच, प्यूजोच्या ६०४ या मोटारीला, १९७९ मध्ये फ्रान्सच्या कारखान्याने टर्बो बसवून ती विकायला काढली होती. म्हणजे विद्या जगात होती. आमच्यापर्यंत तिचं बिनटर्बोचं रूप आलं आणि पुढचं आमच्या मेस्त्रींवर सोडलेलं होतं.

आमच्या मेस्त्रींचं काम टॅपेटपासून, म्हणजे वॉल्व्हच्या फटीपासून, सुरू व्हायचं. ते सकाळीच, इंजिन गार असताना. टॅपेट कव्हर उतरवलं की रॉकर एका ओळीत दिसायचे, तेलाने काळे झालेले. एक नंबरचे टॅपेट करायचे तर आधी चार नंबरकडे बघायचं. पोरगं पुढून हँडलने इंजिन हळूहळू फिरवायचं आणि मेस्त्री चार नंबरच्या दोन वॉल्व्हवर नजर ठेवून कानडीत ताल धरल्यासारखं म्हणायचे, ओंदु, एरडु, निल्लु. एक, दोन, थांब. एक्झॉस्ट मिटत आलेला, इनलेट नुकता उघडू लागलेला, दोन्ही रॉकर एकाच वेळी किंचित हलणारे. त्या जागी इंजिन थांबलं की एक नंबरचे दोन्ही वॉल्व्ह पूर्ण मिटलेले असणार, म्हणजे त्यांची फट मापायला मोकळी. मग फीलर गेजचं पातं आत. पातं अडकलंही नाही पाहिजे आणि नुसतं घसरलंही नाही पाहिजे. बोटाला ओढ लागली पाहिजे. ही ओढ नेमकी किती, ते मेस्त्रींना सांगता यायचं नाही. ते पोराच्या हातात गेज द्यायचे, त्याच्या हातावर आपला हात ठेवायचे आणि एकदा ओढून दाखवायचे. एक-तीन-चार-दोन, या क्रमाने चारही सिलिंडर. शेवटी नट आवळताना स्क्रू जरा जरी फिरला तर सगळं पहिल्यापासून.

आता बहुतेक नव्या मोटारींत टॅपेट कुणी करतच नाही. तेलाच्या दाबावर फट आपोआप भरून काढणारे हायड्रॉलिक टॅपेट आले. अनेक पेट्रोल गाड्यांत कॅमचं टायमिंगही चालत्या गाडीत संगणक पुढे-मागे करतो. मेस्त्री एका फटीवर अर्धी सकाळ घालवायचे. हे यंत्र तेच काम प्रत्येक फेरीला करतं आणि कधी कंटाळत नाही. इंजिन जास्त टिकतं, डिझेल कमी जळतं, आवाज नाही. कव्हर उघडायचं कारणच उरलं नाही. म्हणून आत काय हलतं हे पाहिलेला पोरगाही उरला नाही.

चार नंबरवर दोन्ही वॉल्व्ह एकदम उघडे असतात तो जो क्षण, त्यातच टर्बोचं सगळं गणित दडलेलं आहे. त्याला ओव्हरलॅप म्हणतात. शर्यतीसाठी बांधलेल्या पेट्रोल इंजिनात हा ओव्हरलॅप मुद्दाम मोठा ठेवतात, कारण खूप वेगात बाहेर पडणारा धूर आत येणाऱ्या हवेला ओढ लावतो. पण त्याच इंजिनाला टर्बो लावला की डाव उलटतो. टर्बोचा दाब सरस ठरला तर ताजं मिश्रण न जळताच एक्झॉस्टमधून निघून जातं. टर्बोच्या चक्रामागे तुंबलेल्या धुराचा दाब सरस ठरला तर धूरच उलटा इनलेटमध्ये शिरतो. शिवाय असा कॅम इनलेट उशिरा मिटतो, त्यामुळे कमी वेगात पिस्टन वर येताना घेतलेली हवा परत ढकलून देतो. टर्बो जागा व्हायला धूर लागतो, धूर व्हायला हवा लागते, आणि हवा तर कॅमने परत केली. चढावर अशी गाडी नुसती हुंकारत राहते. म्हणून टर्बोच्या इंजिनाला कॅम मवाळ लागतो: वॉल्व्ह उघडे राहण्याचा काळ आखूड, ओव्हरलॅप थोडा, इनलेट वेळेवर मिटणारा.

डिझेल इंजिनात पिस्टन हेडला जवळजवळ टेकतो, त्यामुळे तिथे दोन्ही वॉल्व्ह फार वेळ उघडे ठेवायला जागाच नसते. कमांडरचा मूळचा कॅम म्हणूनच टर्बोला बऱ्यापैकी मानवणारा होता. आमच्याकडे जाणत्या मेस्त्रींनी टर्बो लावला तेव्हा कॅम बदलला नाही. तो घासला गेला आहे का, एवढं मात्र आधी पाहिलं. लोब, म्हणजे कॅमवरचा उंचवटा, झिजला की वॉल्व्ह पुरता उचलत नाही, आणि जो वॉल्व्ह अर्धाच उघडतो त्याच्यातून कोंबलेली हवा तरी किती जाणार? पुशरॉडवर डायल गेज लावून आठही लोबची उचल मापायची आणि खडूने गॅरेजच्या दारावर लिहायची. दारावरचे ते आकडे पावसाने धुतले जाईपर्यंत तसेच राहायचे, आणि त्या गाडीचा मालक येता-जाता ते वाचायचा.

कॅम गेलेला असेल तर तो बाहेर काढून, ग्रीस फासून, गोणपाटात गुंडाळून कोल्हापूरच्या उद्यमनगरात जायचा. तिथे ग्राइंडिंग होऊन परत यायला लागेल तेवढा वेळ लागायचा, आणि तोवर गाडी जॅकवर. वडापवाल्याचा धंदा बंद, घरात कटकट, हप्ता डोक्यावर. तो रोज गॅरेजात येऊन बसायचा. चहा आणायचा. दुसऱ्याच्या गाडीचा नट धुवायला हात लावायचा. इंजिन बांधून होईपर्यंत त्याला स्वतःच्या गाडीचं पोट पाठ झालेलं असायचं. आणि खरं सांगायचं तर हाताने घासून आलेल्या कॅमचे आठ लोब आठ तऱ्हांचे निघण्याची भीती कायम असायची.

आज सोलापुरात जगाला कॅमशाफ्ट पुरवणारा कारखाना आहे. १९९२ मध्ये सुरू झालेल्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्सचा माल देशातल्या आणि परदेशातल्या मोठ्या मोटार कंपन्यांच्या इंजिनात बसतो. ओतताना लोबचा पृष्ठभाग झटकन गार करून कडक करतात, मग मायक्रॉनच्या मापात घासतात. उद्यमनगराहून गोणपाटात आलेल्या कॅमशी त्याची तुलना करणंही बरोबर नाही. मला त्या कारखान्याचा मनापासून अभिमान वाटतो. आमच्या दुष्काळी पट्ट्याच्या शेजारी बनलेला तुकडा दूरदेशीच्या मोटारीत वॉल्व्ह उचलतो आहे, ही गोष्ट लहान नाही.

टर्बो निवडताना मात्र आमच्याकडे बरीच इंजिनं मेली. भंगारात ट्रकचा टर्बो स्वस्तात मिळायचा. टाटाचं ६९७ इंजिन, म्हणजे सहा सिलिंडर आणि ९७ मिलिमीटरचा बोअर, ५६७५ सीसीचं. त्याला पुढे कारखान्यातूनच टर्बो आला. त्या मापाचा टर्बो जीपला बसवला की तो फिरवायला लागणारा धूरच त्या लहान इंजिनाकडे नसायचा. हिशेब अवघड नव्हता. २११२ सीसीचं इंजिन मिनिटाला चार हजार फेऱ्या फिरलं तर दोन हजार वेळा हवा भरतं, म्हणजे पुरती भरली तर ४२२४ लिटर. प्रत्यक्षात साधारण ८५ टक्के धरली तर ३६०० लिटरच्या आसपास. अर्धा बार जादा दाब दिला तरी हवा फार तर दीडपट. त्या मापाचा लहान टर्बो हवा. हे गणित कागदावर मांडणारे मेस्त्री थोडे. बाकीच्यांनी एका गाडीवर बसवून बघितला, नाही चालला, काढून दुसऱ्या गाडीवर बघितला. त्या बघण्याची किंमत गाडीमालक भरत होते.

आता कुठला टर्बो किती हवेला, किती दाबाला, किती कार्यक्षमतेने चालतो, याचा नकाशा कंपनी देते. जुन्या जीपवर प्रेम करणारी हल्लीची पोरं तो नकाशा लॅपटॉपवर उघडतात, इंजिनाच्या फेऱ्यांप्रमाणे ठिपके मांडतात, आणि ठिपके नकाशाच्या कडेबाहेर गेले तर तो टर्बो हातात घेतही नाहीत. त्यांना हेही पक्कं माहीत असतं की गाडीच्या मूळ रचनेत बदल करायला मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आडवं येतं आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते कडकपणे वाचलं आहे. म्हणून बहुतेक जण हा खेळ रस्त्यावर न आणता माळावरच्या ऑफ-रोड मैदानापुरता ठेवतात. आमच्या वेळी एमएच-१० पाटीच्या किती जीपगाड्यांच्या पोटात काय काय घातलं गेलं, ते आरटीओला कधी कळलं नाही आणि मागच्या बाकावरच्या माणसाला तर नाहीच. चुकीचं आमच्याच वेळी जास्त होतं. या पोरांचं काम आमच्यापेक्षा स्वच्छ आहे, आणि ते पाहून मला बरं वाटतं.

कारण आमचं काम काळं होतं, अगदी शब्दशः. टर्बो परवडत नव्हता तिथे पंपाचा स्क्रू वाढवून डिझेल वाढवायचं, हा सगळ्यांचा उपाय. हवा तेवढीच, डिझेल जादा. मग काळा धूर. ड्रायव्हर म्हणायचा, आता ओढते. मागच्या फळीवरच्या बायका पदर तोंडाला लावून बसायच्या आणि उतरल्यावर थुंकी काळी पडायची. टर्बो बसवला आणि दाबाला आवर घातला नाही तर हेड गॅस्केट जायचं, कारण वीसपटीहून अधिक हवा दाबणाऱ्या त्या इंजिनाला आणखी दाब सोसायला जागाच थोडी. रेडिएटरचं झाकण उघडून पाण्यात बुडबुडे दिसले की मेस्त्री काही न बोलता पाने काढायला लागायचे. अमेरिकेत ओल्ड्समोबिलने १९६२ मध्ये जास्त दाबाच्या एका पेट्रोल इंजिनाला टर्बो लावला होता आणि ठोके आवरायला पाणी-मेथॅनॉलची वेगळी टाकी दिली होती. लोक ती भरायला विसरायचे. कंपनीने अखेर अनेक गाड्यांचे टर्बो काढून दिले. तिथले विसरले, इथले परवडत नाही म्हणून दाबाला आवर घालणंच सोडून द्यायचे. इंजिनाला दोन्ही सारखंच.

१ एप्रिल २०२० पासून बीएस ६ आलं, आणि धुराचा तो काळ कायद्यानेच संपवला. शोरूममध्ये आता टर्बोशिवायची डिझेल मोटार मिळत नाही. जे आम्ही जिवावर उदार होऊन बसवत होतो ते प्रत्येक गाडीत आधीच बसलेलं येतं, नीट जमवलेलं, कॅमसह, पंपासह, पिस्टनसह. मागे बसणाऱ्याला धूर नाही. याहून चांगलं काय व्हायला हवं होतं?

तरी मला चुकल्यासारखं वाटतं, आणि त्या वाटण्याची मी अनेकदा झडती घेतली आहे. तरुणपण गेलं त्याचं दुःख मी इंजिनाच्या नावाने काढतो आहे का? काही अंशी असेलही. पण सगळं तेवढंच नाही. टर्बो लावलेल्या गाडीबरोबर जी शिस्त यायची ती आठवते. जतच्या धुळीत ऑइल-बाथ एअर क्लीनर दर काही दिवसांनी उतरवायचा, तळाचा चिखल झालेला गाळ खरवडायचा, जाळी डिझेलने धुवायची, खुणेपर्यंतच तेल भरायचं. खुणेच्या वर भरलं तर इंजिन तेल ओढतं, खाली राहिलं तर धूळ. मिनिटाला लाखावर फेऱ्या घेणारं चक्र तेलाच्या पातळ थरावर तरंगतं आहे हे एकदा कळलं की बरण्यांतलं जुनं तेल परत घालायचा मोह जायचा. चढ चढून आल्यावर गाडी लगेच बंद करायची नाही, आधी स्लोवर चालू ठेवायची, टर्बोला तेल मिळत राहू द्यायचं. पॅसेंजर उतरत असायचे, पैसे गोळा होत असायचे, आणि इंजिन तसंच हळू चालू असायचं. कुणी विचारलं तर ड्रायव्हर म्हणायचा, थांबा, तिला जरा निवू दे. धुळीत आणि दुष्काळात आयुष्य काढलेल्या माणसांना यंत्राशी इतकं हळुवार वागताना मी पाहिलं आहे.

आणि ट्रायल. इंजिन बांधून झालं की मेस्त्री स्वतः गाडी घेऊन विजापूर रोडला निघायचे. शेजारी मालक, मागे गॅरेजची सगळी पोरं. परत आल्यावर बॉनेट उघडून लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचे आणि मूठ कानाला. टॅपेटचा आवाज कोरडा आहे की बसका, त्यावरून तीन नंबरचा परत बघू म्हणायचे. बहुतेकदा बरोबर असायचे. कधी कधी साफ चुकायचे, आणि त्यांच्या चुकीमुळे हेड दुसऱ्यांदा उतरलेलं मी पाहिलं आहे. आज स्कॅनर लावला की पडद्यावर कोड येतो. कोड मेस्त्रींच्या कानापेक्षा कमी चुकतो. पण कोड मालकाला काही शिकवत नाही. पार्ट बदला, एवढंच सांगतो. गाडी कंपनीच्या वर्कशॉपला जाते, काचेच्या पलीकडे उभी राहते आणि मालक अलीकडे पाण्याच्या बाटलीसह बसून बिलाची वाट पाहतो. त्याला आत जाऊ देत नाहीत, आणि सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यच आहे.

ज्या सोलापुरी कारखान्याचा अभिमान वर सांगितला, त्याच कंपनीने २०१८ मध्ये विजेवर चालणारी वाहनं बनवणाऱ्या एमॉस या डच कंपनीत हिस्सा घेतला. विजेच्या मोटारीत ना वॉल्व्ह, ना कॅम, ना टर्बो. कॅमशाफ्टवर मोठे झालेले लोकच पुढचा रस्ता ओळखून चालले आहेत, आणि ते शहाणपणाचं आहे. पण जत तालुक्यात अजून कमांडर आहेत, ट्रॅक्टर आहेत, पाण्याच्या टँकरला जुंपलेले जुने टाटा ट्रक आहेत, आणि ते काही वर्षं तरी चालणार. त्यांचे टॅपेट कुणाला तरी करावे लागतील. तालुक्याच्या आयटीआयमध्ये स्कॅनर हवाच. त्याच्या शेजारी टॅपेट कव्हर काढलेलं एक जुनं चार सिलिंडरचं इंजिन स्टँडवर ठेवावं, पुढे हँडल लावावं, आणि पहिल्या वर्षाच्या प्रत्येक पोराला चार नंबरकडे बघत एक नंबर करायला लावावं. मेस्त्री अजून आहेत. त्यांना मानधन देऊन बोलवा. गेज ते स्वतःचं आणतील.